जुन्या गेम मशीनचं बटण सारखं बाहेर येतंय? बदली ब्रेकर घेण्याआधी हे वाचा

जुन्या व्हिडिओ गेमच्या कपाटाचं मागचं दार उघडलं की तळाशी जड ट्रान्सफॉर्मर दिसतो. त्याच्या शेजारी काही मशीनांत काचेचे फ्यूज असतात, तर काहींत पत्र्यातून डोकं बाहेर काढलेलं एक काळं किंवा लाल बटण असतं. बटणाच्या तोंडावर ३, ५, ७ असा एखादा आकडा, तोही बऱ्याचदा बोटांनी घासून पुसलेला. हा सर्किट ब्रेकर. मशीन चालू केलं की तो टक्कन बाहेर येतो, दाबला की परत येतो, नाहीतर दाबून आत बसतच नाही. मग पहिला प्रश्न ठरलेला: असला पार्ट आता मिळणार कुठं?

मिळतो. कोल्हापुरातही मिळतो, आणि तो जिथं मिळतो त्या दुकानात गेमचं नाव काढलंत तर कुणी ओळखणारही नाही. कारण गेमसाठी म्हणून हा पार्ट कधी बनलाच नव्हता. तुमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर उलटा करून बघा. बुडाला जे छोटं लाल किंवा काळं बटण आहे, चटणी वाटताना मोटर अडकली की जे बाहेर येतं आणि जरा वेळानं दाबलं की मिक्सर पुन्हा फिरतो, तो याच जातीचा ब्रेकर. फरक असतो तो आकड्यांत आणि मापांत. ते आकडे कसे वाचायचे एवढं समजलं की शोध सोपा होतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या पार्लरमध्ये ज्या मशीनवर पोरं 'मुस्तफा' खेळायची (कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण त्या नावानं त्याला कुणी हाक मारली नाही), ती मशीनं बहुतेक जाम्मा पद्धतीची. जाम्मा ही जपानी उत्पादकांच्या संघटनेनं १९८५ मध्ये आणलेली ठरावीक जोडणी. त्या मशीनांत जाळीच्या डब्यातला एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मर नसलेला हलका पॉवर सप्लाय) असतो आणि त्याच्या आत साधा फ्यूज. तिथं ब्रेकर शोधत बसू नका. हा लेख आहे त्याआधीच्या पिढीचा: १९७९ चा अटारीचा 'अ‍ॅस्टेरॉइड्स', १९८१ चा विल्यम्सचा 'डिफेंडर' ज्या काळात आले त्या काळच्या, ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) आणि मोठाले कपॅसिटर (चार्ज साठवणारे) असलेल्या पॉवर सप्लायचा. त्यांत फ्यूज की ब्रेकर हे कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतं. मशीनच्या सर्किटचा नकाशा हाताशी असेल तर 'सीबी' आणि पुढे आकडा अशी खूण शोधा, तो ब्रेकर. 'एफ' असेल तर फ्यूज.

आता आत काय घडतं ते. ब्रेकरच्या पोटात द्विधातू पट्टी असते, म्हणजे उष्णतेनं कमी-जास्त पसरणारे दोन धातू एकमेकांना घट्ट जोडून केलेली पट्टी. मशीनचा सगळा करंट या पट्टीतून किंवा तिला चिकटून जातो. करंट वाढला की पट्टी तापते, तापली की वाकते आणि एका मर्यादेला खटकन उलटून संपर्क तोडते. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दुप्पट करंटला चौपट उष्णता. थोडासा जादा भार असेल तर ब्रेकर बराच वेळ सहन करतो आणि शॉर्ट असेल तर लगेच पडतो, याचं मूळ इथंच आहे. उसाच्या शेतातल्या मोटरच्या स्टार्टरमध्ये जो ओव्हरलोड रिले असतो, त्याच्या पोटातही हीच पट्टी. चांगल्या ब्रेकरमध्ये आणखी एक सोय असते: बटण अंगठ्यानं दाबून धरलं तरी आतला संपर्क तुटायचा तो तुटतोच. जुन्या स्वस्त ब्रेकरमध्ये ही सोय असेलच असं नाही, म्हणून बटण दाबून धरून मशीन चालतंय का बघायचा मोह आवरा.

ब्रेकर पडतो म्हणजे ब्रेकर खराब, हा निष्कर्ष घाईचा. चाळीसेक वर्षांच्या सप्लायमध्ये ब्रिज रेक्टिफायर शॉर्ट झालेला असणं किंवा मोठा कपॅसिटर गेलेला असणं याची शक्यता जास्त. त्यासाठी आपल्या कुठल्याही वायरमनकडे असतो तो सिरीज लॅम्पचा बोर्ड बाहेर काढा. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी नव्हे, मशीनच्या फेजमध्ये सिरीजला लावायचा. मशीन १२० व्होल्टचं असेल आणि २३० चे १२० करणाऱ्या बाहेरच्या स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालत असेल तर बल्ब स्टेपडाऊनच्या आधी, २३० व्होल्टच्या बाजूला. बटण चालू केलं की बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर निदान मोठा शॉर्ट नाही. भगभगीत पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे. मग मशीन बंद करून ट्रान्सफॉर्मरच्या पुढची एकेक जोडणी काढत जा आणि दर वेळी बल्ब बघा. जी काढल्यावर बल्ब मंदावला, त्या शाखेत दोष. सगळ्या काढूनही पेटलेलाच राहिला तर ट्रान्सफॉर्मरकडे किंवा त्याच्या आधीच्या फिल्टरकडे वळा. या अवस्थेत गेम चालू होणार नाही, पडद्यावर काही दिसणारही नाही, कारण बल्ब व्होल्टेज खाऊन टाकतो. इथं शॉर्ट पकडला गेला की काम झालं.

हे करताना जपून. बंद केलेल्या मशीनचे मोठे कपॅसिटरही चार्ज धरून असतात. आणि मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबच्या मागच्या रबरी टोपीखाली हजारो व्होल्ट असतात, रंगीत ट्यूबमध्ये २० हजारांच्या घरात. ब्रेकरच्या कामासाठी तिकडे हात न्यायची गरजच नाही.

सप्लाय निर्दोष निघाला तर मग ब्रेकरवर संशय घ्या. चालू मशीनमध्ये ब्रेकरच्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावून किती व्होल्ट पडतात ते मोजता येतं. ब्रेकर मेनच्या बाजूला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आधी, असेल तर हे काम सराव असलेल्यानंच करावं. लहान रेटिंगच्या ब्रेकरमध्ये पट्टीचाच रोध जास्त, त्यामुळे थोडं व्होल्टेज पडणं स्वाभाविक आहे. पण समजा ५ अँपिअरच्या ब्रेकरमधून ४ अँपिअर वाहताना त्याच्यावर अर्धा व्होल्ट पडतोय, तर आतले संपर्क काळे पडलेत. अर्धा व्होल्ट गुणिले ४ अँपिअर म्हणजे २ वॅट उष्णता त्या एवढ्याशा बंद डबीत. ती उष्णता पट्टीलाच तापवते आणि ब्रेकर लिहिलेल्या आकड्याच्या आधीच पडायला लागतो. "आधी चालायचं, आता अर्ध्या तासानं पडतं" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. असा ब्रेकर उघडून घासून पुन्हा बसवणारे कारागीर आहेत, पण मी ते करत नाही. पट्टीचा ताण कारखान्यात मोजून बसवलेला असतो, तो एकदा हलला की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

बदली घ्यायची ठरली की पहिला आकडा अँपिअरचा. पुसला गेला असेल तर मशीनच्या पुस्तिकेतली पार्टांची यादी बघा, त्या काळच्या बऱ्याच गेमच्या पुस्तिका स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. पण पुस्तिकेतला आकडा डोळे मिटून घेऊ नका, कारण तो अमेरिकेतल्या १२० व्होल्टसाठी असतो. मेनच्या बाजूला ३ अँपिअरचा ब्रेकर म्हणजे १२० व्होल्टला ३६० व्होल्ट-अँपिअर. तेच मशीन ट्रान्सफॉर्मरचे टॅप (वेगवेगळ्या व्होल्टसाठी काढलेली टोकं) बदलून थेट २३० वर जोडलं असेल तर तेवढ्याच कामाला साधारण १.६ अँपिअर लागतात. तिथं ३ चाच ब्रेकर ठेवला तर बिघाडाच्या वेळी ट्रान्सफॉर्मर भाजेपर्यंत तो शांत बसेल. १.५ किंवा फार तर २ चा घ्यावा. मात्र मशीन बाहेरच्या स्टेपडाऊनवर चालत असेल, तर मशीनच्या आतला ब्रेकर १२० व्होल्टच्याच बाजूला राहतो आणि ३ चा ३ च. एकाच गेमसाठी दोघे जण वेगवेगळा आकडा सांगतात आणि दोघेही बरोबर असतात, ते यामुळे. ब्रेकर ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, कमी व्होल्टच्या बाजूला असेल तर या भानगडीचा त्याला स्पर्श नाही, पुस्तिकेतला आकडा तसाच घ्यायचा.

पुस्तिकाच नसेल तर दोष नसलेलं मशीन गेम चालू असताना किती करंट घेतं ते क्लॅम्प मीटरनं (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) मोजा आणि तो करंट ब्रेकरच्या रेटिंगच्या पाऊण हिश्शाच्या आसपास बसेल असा आकडा निवडा. आतल्या वायरीची जी कुवत असेल तिच्या वर कधीच जायचं नाही.

इथंच हर्ट्झचा मुद्दा येतो, जो कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला तेच व्होल्टेज ५० हर्ट्झला दिलं तर गाभ्यातलं चुंबकत्व वीस टक्के जादा चढतं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तापतो, रिकामाच जादा करंट ओढतो आणि शिव्या ब्रेकरला बसतात. ट्रान्सफॉर्मरच्या चिठ्ठीवर ५०/६० असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर मोठा ब्रेकर घालून हा प्रश्न सुटत नाही, ट्रान्सफॉर्मर बदलावा किंवा गुंडाळून घ्यावा लागतो. मोटर रिवाइंडिंगची इतकी दुकानं असलेल्या गावात ते अशक्य नाही.

दुसरा आकडा व्होल्टचा, आणि त्यात एसी की डीसी हे सगळ्यात महत्त्वाचं. संपर्क तुटताना दोन टोकांमध्ये ठिणगीची कमान तयार होते. एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे कमान आपोआप विझते. डीसीत शून्य येतच नाही, कमान चालू राहू शकते आणि संपर्क वितळतात. म्हणून एकाच ब्रेकरवर दोन आकडे असतात. पॉटर अँड ब्रमफील्डचा डब्ल्यू-२८ हा या जातीतला नावाजलेला ब्रेकर घ्या: एसीसाठी २५० व्होल्ट, डीसीसाठी मात्र ३२. गेमच्या सप्लायमध्ये मेनच्या बाजूला एसी असतो, रेक्टिफायरच्या पुढे डीसी. मिक्सरच्या ब्रेकरवर बहुधा फक्त एसीचा आकडा असतो. तो मेनच्या बाजूला चालेल. डीसीच्या बाजूला डीसीचा आकडा छापलेलाच ब्रेकर लावा.

मग लोक म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, घरच्या बोर्डातला एमसीबीच लावू. एमसीबीत द्विधातू पट्टीशिवाय एक चुंबकी कॉइलही असते, ती क्षणात पाडते. सी प्रकारच्या एमसीबीत ही कॉइल रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला चालते, म्हणजे २ अँपिअरचा एमसीबी १० ते २० अँपिअरला लगेच पडणार. जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर चालू करतानाच्या पहिल्या झटक्यात तेवढा करंट सहज ओढू शकतो, शिवाय पुढे रिकामे कपॅसिटर भरायचे असतात. अटारीच्या त्या काळच्या सप्लायमधला निळा कपॅसिटर एकटाच सुमारे २७,००० मायक्रोफॅरडचा. एमसीबी चालू करतानाच पडतो, वैतागून कुणीतरी ६ चा, मग १६ चा बसवतं आणि तो कधीच पडत नाही. मूळ ब्रेकर फक्त उष्णतेवर चालतो, क्षणभराचा झटका त्याला जाणवत नाही, म्हणून तिथं तोच शोभतो.

त्यापेक्षा प्रामाणिक पर्याय म्हणजे पत्र्यावर बसणारा फ्यूजहोल्डर आणि त्यात संथ जातीचा काचेचा फ्यूज, ज्यावर अँपिअरच्या आधी 'टी' लिहिलेलं असतं. ब्रेकर मिळेपर्यंत मी हेच करतो. एक बारकावा मात्र आहे. अमेरिकी मानकाचा फ्यूज रेटिंगच्या १३५ टक्के करंटला तासाभरात उडायलाच हवा. आपल्याकडे सर्रास मिळणारा ५ गुणिले २० मिलिमीटरचा युरोपीय मानकाचा फ्यूज १५० टक्क्यांना तासभर टिकायला हवा. अंगावर एकच आकडा, वागणं वेगळं. त्यामुळे अमेरिकी ३ च्या जागी युरोपीय ३ टाकण्यापेक्षा २.५ चा टाकून बघावा, तो टिकला तर तोच ठेवावा.

तापमानाबद्दल थोडंसंच सांगतो. या ब्रेकरचं रेटिंग साधारण २३ ते २५ अंशांना ठरवलेलं असतं. मे महिन्यातली कोल्हापूरची दुपार, त्यात बंद कपाट, शेजारी तापलेला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तो लवकर पडणारच. रेटिंग वाढवण्याआधी मागच्या दाराच्या जाळीवरची धूळ झाडा, पंखा असेल तर फिरतोय का बघा.

आता खरेदी. मिक्सर-ग्राइंडरचे पार्ट विकणाऱ्या दुकानात 'ओव्हरलोड' म्हणून मागा, सर्किट ब्रेकर म्हणालात तर एमसीबीच पुढे येईल. संवाद बहुधा असा होतो: "किती अँपिअरचा पाहिजे?" "तीनचा." "कुठल्या मिक्सरचा?" कुठल्याच नाही म्हटलं की दुकानदार डबाच समोर ठेवतो, मग निवांत निवडा. अंगावर अँपिअर, व्होल्ट आणि एखाद्या मानकाची खूण नसेल तो ब्रेकर बाजूला ठेवा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कारखान्यांचे कंट्रोल पॅनल बनवणाऱ्यांकडे ईटीएसारख्या जर्मन कंपनीचे ब्रेकर सापडायची शक्यता असते, त्यांना डीसीचं रेटिंगही स्पष्ट असतं. अगदी मूळचाच नमुना हवा तर माउझर, डिजी-की, एलिमेंट-१४ अशा ऑनलाइन विक्रेत्यांकडे बघा. पार्टपेक्षा वाहतूक आणि कर महाग पडतात, तेव्हा दोन-चार मित्रांनी मिळून मागवावं. डबाबंद पण चाळीस वर्षं जुना मालही विकायला असतो. संग्रहासाठी ठीक, पण तपासल्याशिवाय मशीनमध्ये घालू नका.

तपासायची रीत सोपी आहे. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, तिच्या तोंडाशी १५ अँपिअरचा गाडीचा फ्यूज, आणि हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब. एक बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो. ५ अँपिअरचा ब्रेकर मधे घालून एक बल्ब लावला तर तो तासभरही पडता कामा नये. दुसरा बल्ब समांतर जोडला की करंट नऊच्या पुढे जातो, म्हणजे रेटिंगच्या जवळजवळ दुप्पट. आता घड्याळ लावा. काही सेकंदांपासून पाऊण मिनिटापर्यंत कधीतरी बटण टक्कन बाहेर आलं पाहिजे, नेमका वेळ त्या ब्रेकरच्या डेटाशीटमधल्या आलेखाशी ताडून बघा. दोन-तीन मिनिटं दोन्ही बल्ब जळतच राहिले तर ब्रेकर कचऱ्यात. नवा मिक्सरचा ओव्हरलोडही या चाचणीतून काढल्याशिवाय मी बसवत नाही, एकाच डब्यातले दोन नग वेगळे वागलेले पाहिलेत. बल्ब जळत असताना काच भयंकर तापते, हात लावू नका.

शेवटी मापं. पत्र्यातलं भोक, मानेची लांबी आणि मागच्या टोकांची रुंदी व्हर्निअरनं मोजून घ्या, उद्यमनगरच्या गावात व्हर्निअर उसना मिळायला अडचण नाही. टोकं बहुतेक वेळा ६.३ मिलिमीटरची चपटी असतात आणि गाडीच्या वायरिंगला वापरतात तेच लग त्यांवर बसतात. ब्रेकर मेनच्या बाजूला असेल तर लगवर प्लास्टिकची टोपी हवीच. भोक वाढवायचं असेल तर पत्रा कपाटातून सोडवून बाहेर नेऊन ड्रिल करा, लोखंडाचा कीस सर्किट बोर्डावर पडला तर ब्रेकरपेक्षा मोठं काम निघेल. भोक मोठं आणि ब्रेकर बारीक असेल तर मधे पितळी किंवा फायबरचा वॉशर टर्नरकडून करून घ्या. नवा आकडा आणि तो किती व्होल्टसाठी आहे, हे पत्र्यावरच मार्करनं लिहा, पुढच्या माणसाला पुस्तिकेतला आकडा आणि हा का जुळत नाही ते कळेल. आणि जुना ब्रेकर टाकण्याआधी त्याचा नट तेवढा काढून ठेवा. अमेरिकी ब्रेकरचे आटे इंची असतात, बाहेरून मागवलेला नग कधीकधी नटाशिवाय येतो, आणि आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा नट त्यावर दोन फेऱ्यांपलीकडे जात नाही.